कमावत्या मुलाचा घरखर्चातील वाटा

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातला, पांढरकवड्याच्या आसपासच्या एखाद्या गावातला चौघांचा संसार समोर ठेवू. वडिलांचे कोरडवाहू वावर आहे, त्यात कापूस आणि तूर. आई वावरातही राबते आणि घरातही. मुलगी कॉलेजात शिकते. मुलगा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागला आहे. या पदाचे मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे. मुलगा घरीच राहतो, घरीच जेवतो. त्याने घरात किती पैसे द्यावेत, कोणत्या नात्याने द्यावेत आणि कोणाच्या हाती द्यावेत, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

केळापूर तालुक्यात काय किंवा उर्वरित विदर्भात काय, हा प्रश्न सहसा कोणी उघडपणे काढत नाही. पोटच्या पोराकडून जेवणाचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच आईबापाला लाजिरवाणी वाटते. पैसे मात्र लागतात आणि घेतलेही जातात. कधी खताच्या पोत्यांसाठी, कधी बहिणीच्या परीक्षेच्या फीसाठी, कधी आहेरासाठी. ज्याने दिले त्याला वाटते, आपण घर उभे केले. ज्यांनी घेतले त्यांना वाटते, त्याने केले त्यात विशेष काय, आम्ही त्याला शिकवले नाही का? वर्षानुवर्षे न ठरवता दिल्या-घेतलेल्या या पैशांचा हिशेब शेवटी वाटणीच्या दिवशी निघतो, तेव्हा तो कोणालाच मांडता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की कमावत्या अपत्याकडून वाटा घ्यावा, तो ठरवून घ्यावा. तो ताटाची किंमत म्हणून घेऊ नये, घर चालवण्यातला हिस्सा म्हणून घ्यावा. आणि वावराचा खर्च त्यात कधीही मिसळू देऊ नये.

चूल हे एकक

कुटुंब कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे जनगणना रक्तावरून ठरवत नाही, स्वयंपाकावरून ठरवते. जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, ते एक कुटुंब. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची व्याख्याही जवळपास हीच आहे. गावात भाऊ वेगळे झाले की लोक त्यांची चूल वेगळी झाली म्हणतात, सातबाऱ्याची फोड पुढे कधीतरी होते. म्हणजे एका चुलीवर जेवणे हा केवळ प्रेमाचा भाग नाही. एका चुलीवर जेवणारे एकाच खर्चाचे भागीदार असतात.

राहण्या-जेवण्याचा मोबदला ही गोष्टही इथल्या माणसाला परकी नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा रोख रकमेबरोबर धान्याचीही बोली होते. मध्य भारतातील गोंड समाजात लमसेना, म्हणजे होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे राबणारा जावई असे, त्याचे खाणे-राहणे आणि वधूमूल्य दोन्ही श्रमातून फिटत. घरचा पोरगाही परवापरवापर्यंत असाच आपला वाटा देत होता. तो वखर धरत होता, बैल सांभाळत होता, रात्री जागलीला जात होता. त्याच्याकडे पैसे मागण्याची गरज नव्हती, कारण त्याचे श्रम थेट घरात येत होते. नोकरीला लागलेल्या मुलाचे श्रम मात्र शाळेत, बँकेत, जिनिंगमध्ये किंवा वणीच्या कोळसा खाणीत खर्च होतात आणि त्यांचे मोल त्याच्या खात्यात जमा होते. घरातून श्रम गेले, पण त्यांच्या जागी काहीच आले नाही, तर ती पोकळी आई आणि बाप आपल्या अंगाने भरून काढतात. वाटा मागण्याचे खरे कारण हे आहे.

विद्याधनाचा जुना वाद

कमावत्या मुलाची कमाई कोणाची, या प्रश्नावर आपल्या धर्मशास्त्राने आणि न्यायालयांनी शेकडो वर्षे डोके चालवले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पुत्राला स्वतःचे धन नाही, तो मिळवतो ते त्याच्या पित्याचे, असे स्पष्ट सांगितले आहे. स्मृतिकारांनी त्याला अपवाद काढला तो विद्याधनाचा, म्हणजे शिक्षणाच्या जोरावर मिळवलेल्या धनाचा. कात्यायनाने या अपवादाला घातलेली अट विलक्षण आहे. परक्याचे अन्न खाऊन, परक्या गुरूकडून विद्या मिळवली असेल, तरच तिच्यातून आलेले धन स्वतंत्र धरायचे. घरच्या अन्नावर वाढून शिकला, तर कमाई घराची. खाल्लेल्या अन्नाचा आणि पुढच्या कमाईचा संबंध इतक्या उघडपणे जोडलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ही अट पोथीत राहिली नाही. १९२१ साली गोकळचंद विरुद्ध हुकमचंद या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की एकत्र कुटुंबाच्या पैशातून विशेष शिक्षण घेऊन इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेल्या माणसाची मिळकत ही एकत्र कुटुंबाची मिळकत होय. सुशिक्षित हिंदू समाजात या निकालाने खळबळ उडाली. वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, सगळ्यांच्याच पगारावर भाऊबंदांचा हक्क सांगता येणार होता. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत भाष्यम अय्यंगार यांनी यावर विधेयक आणले होते, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. ते काम शेवटी मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी तडीस नेले. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर. त्यांच्या प्रयत्नातून हिंदू विद्याधन अधिनियम १९३० साली आला. त्याने सांगितले की शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला, किंवा शिकत असताना त्या माणसाला कुटुंबाच्या पैशावर पोसले गेले, एवढ्याच कारणाने त्याची कमाई कुटुंबाची ठरत नाही. शिक्षणाच्या व्याख्येत प्राथमिक, तांत्रिक, शास्त्रीय अशा सगळ्या प्रकारांचा समावेश केला.

आज घरखर्चाच्या वाटणीसाठी या कायद्यातून घ्यायचे ते असे. ‘आम्ही तुला शिकवले’ हे वाक्य आईबापाच्या तोंडी स्वाभाविक आहे, पण वाटा मागण्याचा आधार म्हणून ते टिकत नाही. शिकवल्याची परतफेड मागितली की ती कधी फिटली हे कोणीच सांगू शकत नाही, मग मूल आयुष्यभर देणेकरीच राहते. याउलट चालू महिन्याच्या खर्चातला हिस्सा त्या महिन्यातच पुरा होतो. पुढच्या महिन्याला मागची बाकी राहत नाही. मुलाला ताठ मानेने घरात राहता यावे, असे ज्या आईबापाला वाटते, त्यांनी हाच आधार धरावा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कमावत्या माणसाने स्वतःचा पैसा आपला स्वतंत्र हक्क सोडण्याच्या इराद्याने एकत्र मिळकतीत मिसळला, तरच तो एकत्र होतो. केवळ मायेपोटी किंवा औदार्याने घरच्यांवर खर्च केला म्हणून तसे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली लक्किरेड्डी खटल्यात स्पष्ट केले. म्हणून घरात दरमहा पैसे देणाऱ्या मुलाचे उरलेले पैसे त्याचेच राहतात. त्याच वेळी, दिलेल्या पैशांच्या बळावर त्याला वडिलांच्या घरात किंवा वावरात जास्तीचा वाटाही मागता येत नाही. वडिलांच्या जागेवर स्लॅब टाकण्यासाठी तीन-चार लाख ओतणाऱ्या मुलाने हे आधी समजून घ्यावे. किराणा आणि विजेचे बिल हा चालू खर्च आहे, तो देऊन विसरायचा असतो. बांधकाम ही भांडवली गुंतवणूक आहे. ती कोणाच्या नावावर होणार, हे वीट रचण्याआधी कागदावर यायला हवे.

आजच्या कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. मुलगा अठरा वर्षांचा झाला की हिंदू दत्तक व पोटगी अधिनियम, १९५६ नुसार त्याला पोसण्याची बापाची जबाबदारी संपते. बापाच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचा सज्ञान मुलाला कायदेशीर हक्क नाही, तो राहतो ते बापाच्या मर्जीने, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले. उलट दिशेने, आईवडिलांना स्वतःच्या मिळकतीतून चरितार्थ चालवता येत नसेल तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ अधिनियमाखाली ते न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, आणि न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवून देऊ शकते. केळापूर उपविभागात त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे जावे लागते. या दोन टोकांच्या मधे, म्हणजे धडधाकट आईबाप आणि धडधाकट कमावते मूल एकत्र राहत असताना, कायदा काहीच सांगत नाही. ते घराने ठरवायचे आहे.

आणखी एक सावधगिरी. काही नोकरदार आईवडिलांना घरभाडे दिल्याचे दाखवून घरभाडे भत्त्यावरची करसवलत मागतात. भाडे खरोखर दिले असेल आणि पालकांनी ते स्वतःच्या उत्पन्नात दाखवले असेल तर त्यात गैर नाही. पण २०१७ साली मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने आईला रोखीने भाडे दिल्याचा असाच एक दावा पुराव्याअभावी फेटाळला. घरखर्चाच्या वाट्याला भाड्याचा मुलामा देऊ नये.

किती द्यायचे

मोजण्याच्या तीन रीती संभवतात. पहिली, मुलगा घरात असल्यामुळे जेवढा जादा खर्च होतो तेवढाच घ्यायचा. दुसरी, तो बाहेर खोली घेऊन मेसचा डबा लावता तर जे पडले असते ते घ्यायचे. तिसरी, घराच्या एकूण खर्चातला वाटा घ्यायचा. पहिल्या रीतीत मुलगा पाहुणा ठरतो आणि घराचे छप्पर, दिवा, पाणी त्याला फुकट मिळते. दुसऱ्या रीतीत आई खानावळवाली ठरते. तिसरी रीतच घराला शोभणारी आहे.

तिसऱ्या रीतीचा हिशेब मांडायला रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह याचे एक साधन उपयोगी पडते. शेतकरी कुटुंबाचा अभ्यास करताना त्याने खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांचे प्रमाण पाहिले. मुले लहान असतात तेव्हा हे प्रमाण वाढते आणि घर ओढगस्तीत असते. मुले हाताशी आली की ते घटते आणि घराला उसंत मिळते. इंग्लंडात सीबोम राउन्ट्री याला यॉर्क शहरातल्या मजूर कुटुंबांत हेच दिसले होते. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाहणीत मजुराच्या आयुष्यातला बरा काळ म्हणजे मुले कमावती होऊन अजून घरीच राहतात तो काळ. ती वेगळी झाली की म्हातारपणी पुन्हा गरिबी. दोन टोकांच्या या दोन समाजांत एकच गोष्ट आढळली: कमावती मुले घरी असण्याची वर्षे थोडी असतात आणि आईबापाला पुढची बेगमी करायची असेल तर ती याच वर्षांत.

आता आपल्या चौघांच्या घराचा हिशेब. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता. त्यातला सुमारे ४७ टक्के अन्नावर, म्हणजे १,९०० रुपयांच्या थोडा वर. घरच्या वावरातून आलेल्या ज्वारी-तुरीची किंमतही या आकड्यात धरलेली असते. ही देशाची सरासरी आहे, प्रत्येक घराने आपला आकडा घालावा. चार तोंडे म्हणजे घराचा खर्च १६,४८८. राबणारे हात तिघांचे: वडील, आई, मुलगा. प्रमाण चारास तीन. म्हणजे प्रत्येक राबणाऱ्याने १.३३ माणसांचा खर्च उचलायचा, तो साधारण ५,४९६ रुपये. वडिलांचा हिस्सा वावराच्या उत्पन्नातून येतो, आईचा वावरातल्या आणि घरातल्या कामातून. मुलाचा रोखीने यायला हवा. १६,००० च्या मानधनात हा वाटा एक तृतीयांशाच्या किंचित वर जातो. घरात आजी असेल तर तोंडे पाच होतात आणि वाटा ६,८७० वर जातो. बहीण कमावती झाली की हात चार, तोंडे चार, वाटा ४,१२२.

वर्षाचे झाले सुमारे ६६,००० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या भावाने हा आठ क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू वावरात दोन एकरांचे पीक, तेही बियाणे, फवारणी आणि वेचणीचा खर्च न वजा करता. मुलाचा वाटा या घरासाठी केवढा मोठा आहे, आणि तो न आल्यास केवढे मोठे भगदाड पडते, हे यावरून दिसते.

वावर वेगळे, घर वेगळे

केळापूरसारख्या कापसाच्या तालुक्यात शहरी हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, त्याचे कारण पैशाचे वेळापत्रक. पगार दरमहा येतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, वेचणी होईल तसा येतो. जून ते सप्टेंबर हे महिने फक्त खर्चाचे. पेरणी उलटली तर बियाणे दोनदा घ्यावे लागते. याच काळात सावकाराचे दार ठोठावले जाते, आणि याच काळात घरातला एकमेव रोख पगार वावराकडे ओढला जातो.

यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या रूपाने या कर्जाची किंमत मोजली आहे. त्यामुळे बापाने पोराकडे खतासाठी पैसे मागितले तर त्याने देऊ नयेत, असे कोणताही विचारी माणूस सांगणार नाही. द्यावेत. पण ते घरखर्चाच्या वाट्यातून देऊ नयेत, वेगळे द्यावेत आणि उसने म्हणून लिहून द्यावेत. कापूस विकला की त्यातले जमेल तेवढे परत यावे. पीक बुडाले तर ते माफ करण्याचा निर्णयही मुलाने उघडपणे घ्यावा. असे न केल्यास वावराचा तोटा घरखर्चात लपतो. वडिलांना वाटते वावर परवडते, कारण तूट कोणीतरी मुकाट्याने भरत असते. मग भाड्याने आणखी वावर केले जाते, आणि तूट वाढत जाते. आधी संस्थेचे पीककर्ज घ्यावे. ते मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. मुलाचा पगार त्यानंतर, आणि सावकार त्याच्याही नंतर, शक्यतो नाहीच.

चालू वाट्याची रक्कमही बारा महिने सारखी ठेवण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, घरात धान्याचा साठा संपत आलेला असताना, मुलाने जास्त द्यावे आणि कापसाचा पैसा घरात असताना कमी. वर्षाची बेरीज तेवढीच राहील.

कोणाच्या हाती

पैसा आईच्या हाती द्यावा. यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले विनावेतन काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. चौघांच्या घरात आईची ही २८९ मिनिटे चौघांवर वाटली तर मुलाच्या वाट्याला रोजची ७२ मिनिटे येतात. रोजगार हमीच्या महाराष्ट्रातील २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीने, आठ तासांचा दिवस धरला तर, त्यांचे महिन्याला सुमारे १,४०० रुपये होतात. कोणत्याही किराणा बिलात हे १,४०० रुपये दिसत नाहीत. मुलाने स्वतःचे कपडे धुतले, ताट उचलले, सकाळचे पाणी भरले, तर तो या अदृश्य रकमेतला आपला भाग खरोखर फेडतो. रोख रक्कम टाकून हात झटकण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचे वाटते.

अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात दाखवले की कुटुंबात कोणाला काय मिळते हे त्याच्या खऱ्या योगदानावर कमी आणि दिसणाऱ्या योगदानावर जास्त ठरते. रोख पैसा दिसतो, भाकरी थापणारे हात दिसत नाहीत. मुलाचा पगार घरात येऊ लागला की दूध आधी त्याला, गरम भाकर आधी त्याला, असे नकळत होऊ लागते. पैसा आईच्या नावाने, तिच्या खात्यात गेला तर घर चालवण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो आणि मुलगा त्या घराचा मालक न बनता सदस्यच राहतो.

मुलाची नोकरी आणि आईच्या हातचा पैसा यांचा संबंध शासनाने तर आधीच गृहीत धरला आहे. लाडकी बहीण योजनेत पात्रतेसाठी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. घरातला कोणी आयकरदाता असेल किंवा सरकारी खात्यात कायम नोकरीस असेल, तर आईला महिन्याचे १,५०० रुपये मिळत नाहीत. मुलगा कायम झाल्यामुळे आईचे १,५०० बंद झाले, तर त्याने आपल्या वाट्यात निदान तेवढी भर घालावी, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. तिच्या स्वतःच्या हातचा पैसा त्याच्या नोकरीमुळे गेला आहे.

मुलीचा पैसा

मुलीच्या कमाईचा विषय निघाला की वरचे सगळे तर्क घरोघरी कोसळतात. लेकीचे पैसे खाऊ नयेत, असे म्हणत आईबाप तिच्याकडून वाटा घेत नाहीत. किंवा घेतात, पण तिच्या लग्नासाठी ठेवतो म्हणून घेतात, आणि ते लग्नाच्या मांडवात संपतात. दोन्हींतून एकच निष्पन्न होते: ती घराची भागीदार नाही, काही दिवसांची वस्तीला आलेली आहे. कायदा असे मानत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याण येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित मुलीलाही बापाला पोटगी देण्यास जबाबदार धरले. हक्क आणि जबाबदारी दोन्ही तिच्याकडे आहेत.

केळापूर तालुक्यात एक गुंतागुंत आणखी आहे. इथे गोंड, कोलाम, परधान समाज मोठ्या संख्येने राहतात. हिंदू वारसा कायदा आणि १९५६ चा पोटगी कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. तिथे रूढी चालते, आणि ती अनेक ठिकाणी मुलीला जमिनीत वाटा देत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील गोंड कुटुंबाच्या एका दाव्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला आणि केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समानतेच्या विरुद्ध आहे असे म्हटले. आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मात्र जात-जमात न पाहता सर्वांना लागू आहे. म्हणजे आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेली कोलाम मुलगी आईबापाला पोसण्यास आजही बांधील आहे. बापाच्या वावरातला तिचा वाटा मात्र अजून तिला मागून, भांडून मिळवावा लागतो.

म्हणून वर मांडलेला हिशेब मुलीला लावताना त्यात एक ओळ वाढवावी. तिच्याकडून मुलाइतकाच वाटा घ्यावा, तो त्याच महिन्याच्या खर्चाला लावावा, लग्नाच्या नावाने साठवू नये. तिचा उरलेला पगार तिच्या एकटीच्या खात्यात राहू द्यावा. आणि ज्या घराने तिच्याकडून असा वाटा घेतला, त्या घराने वारसाच्या फेरफाराच्या वेळी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवू नये.